रोल-प्लेइंग गेम्सवर माझा इतका जीव का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत असल्यापासून रोल-प्लेइंग गेम्स खेळते आहे. शर्यतीचे, फुटबॉलचे, नेमबाजीचे खेळही आवडीनं खेळले, पण दिवसभराची कामं उरकली की हात आपसूक जातो तो रोल-प्लेइंग गेमकडे, म्हणजे आरपीजीकडेच. घरची माणसं, मैत्रिणी, नव्यानं खेळू लागलेली मुलं मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आरपीजी म्हणजे नेमकं काय?

ज्या खेळात तुमच्याबरोबर तुमचं पात्रही शिकतं, तो आरपीजी. मला हीच व्याख्या सर्वांत पटते. नेमबाजीच्या साध्या खेळात शंभर तासांनी तुमचा नेम सुधारतो, पण पडद्यावरच्या सैनिकाला पहिल्या दिवशी जे येत होतं तेच शेवटच्या दिवशीही येतं. आरपीजीत पात्राच्या नावापुढे आकडे असतात: ताकद, चपळाई, बुद्धी, अंगात जीव किती उरलाय. लढून, हिंडून, लोकांची कामं करून हे आकडे वाढतात. जोडीला एक लांबलचक कथा असते, बरोबर चालणारे साथीदार असतात आणि गावोगावी बोलायला माणसं असतात.

आजकाल जवळजवळ प्रत्येक मोठ्या खेळात लेव्हल (पात्राच्या वाढीच्या पायऱ्या) आणि कौशल्यांची झाडं (एक कौशल्य शिकलं की पुढची उघडणारी फांद्यांची रचना) दिसतात. तेवढ्यानं तो आरपीजी होतो असं मी मानत नाही. तुमच्या पात्राची बुद्धी कमी आहे म्हणून समोरचा माणूस त्याच्याशी वेगळं बोलू लागला, म्हणजे आकडा आणि भूमिका एकमेकांत गुंतले, की मग तो आरपीजी. १९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये हे घडतं. अगदी कमी बुद्धीचं पात्र घेतलं तर त्याच्या तोंडून धड वाक्यही निघत नाही आणि लोकही त्याच्याशी तसंच वागतात.

हे सगळं सुरू कुठून झालं?

टेबलावर. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे, आणि गोष्ट सांगणारा एक जण. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, 'मी दार ढकलते' असं म्हणायचं, आणि दार उघडलं की नाही ते फाशानं ठरवायचं.

संगणक हाताशी असलेल्यांना पुढची कल्पना सुचायला फार दिवस लागले नाहीत. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्लेटो या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर विद्यार्थ्यांनी भुयारांत हिंडायचे खेळ लिहिले होते. मग १९८० मध्ये 'रोग' (इंग्रजी Rogue) हा खेळ आला. त्यात प्रत्येक वेळी भुयार नवं आणि मेलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून. १९८१ मध्ये रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा' आणि अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझर्ड्री' आले. जपानमध्ये युजी होरी हे खेळ घडवणारे या दोन्ही खेळांनी झपाटून गेले. कीबोर्डवरचा तो सगळा पसारा त्यांनी फॅमिकॉम या घरच्या गेमयंत्राच्या, दिशांची कळ आणि मोजकी बटणं असलेल्या कंट्रोलरवर बसवला. २७ मे १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट' बाजारात आला. चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं, आणि अख्खा खेळ ६४ किलोबाइटमध्ये. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, हिरोनोबु साकागुचींचा 'फायनल फँटसी' आला.

आकडे वाढताना बघायचे, एवढंच ना? त्यात गोडी ती काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये तुम्ही एकटे असता. राजवाड्यातून बाहेर पडलात की पाण्यापलीकडे एक काळा किल्ला दिसतो. शत्रू तिथेच राहतो. खेळाचा शेवट पहिल्या मिनिटाला डोळ्यांसमोर असतो, हाकेच्या अंतरावर, पण मधे पाणी आहे आणि तुमच्या अंगात काही दम नाही. निळ्या स्लाइमसारखा किरकोळ प्राणीसुद्धा घाम काढतो. एक स्लाइम मारला की अनुभवाचा एक गुण मिळतो आणि दुसऱ्या लेव्हलला सात लागतात. म्हणजे सात स्लाइम. ते मारून होतात, छोटीशी धून वाजते, ताकद थोडी वाढते, आणि मघाशी ज्याला तीन घाव लागत होते तो दोन घावांत पडतो. आता पुलापलीकडे जाऊन बघायची हिंमत होते. पुलापलीकडचे प्राणी तगडे असतात, तुम्ही मरता.

मेल्यावर काय होतं ते नीट बघा. तुम्ही राजासमोर पुन्हा उभे राहता. जवळचं सोनं निम्मं झालेलं असतं, पण अनुभवाचा एकही गुण कमी झालेला नसतो. कष्टानं मिळवलेलं कोणी काढून घेत नाही. हरलात तरी तुम्ही आधीपेक्षा पुढेच असता. माझा या खेळांवर जीव जडला तो इथे. ज्यांत बोटांच्या चपळाईवर सगळं ठरतं असे खेळ मी अनेकदा अर्धवट सोडले, कारण माझी बोटं तेवढी चपळ कधीच नव्हती. आरपीजीनं मला तसं कधी वाऱ्यावर सोडलं नाही. थांबायची तयारी असेल त्याला हा खेळ शेवटपर्यंत नेतो, आणि तुम्ही दिलेला वेळ जपून ठेवतो.

अशीच तीस-चाळीस तासांनी त्या पहिल्या राजवाड्याच्या दारात मी कधीतरी परत येते. गवत तेच, स्लाइमही तोच. एका घावात आडवा होतो. आकडा नसता तर मी किती दूर आले हे मला कळलंच नसतं.

त्या खेळात सर्वांत वरची लेव्हल ३०. तिथे पोचायला ६५,५३५ गुण लागतात. सोळा बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या सोळा जागांत, मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. यंत्राला जेवढं मोजता येत होतं, तेवढं सगळं मोजून झालं की तुमचं पात्र पूर्ण होतं.

पण त्यासाठी तेच तेच शत्रू तासन्‌तास मारायचे? याला ग्राइंडिंग म्हणतात ना?

हो, आणि त्यालाही प्रमाण हवं. चांगल्या खेळात ग्राइंड करायची वेळ फारशी येत नाही. वाटेत जे भेटतील त्यांच्याशी लढत गेलं की पुरतं. जो खेळ मुद्दाम रस्ता अडवून दहा-दहा तास त्याच मैदानात फिरवतो, तो मी सोडून देते. आणि 'लवकर पुढे जायचं असेल तर पैसे भरा' म्हणणाऱ्या खेळांच्या वाटेला तर मी जातच नाही. तिथे कंटाळा मुद्दाम पेरलेला असतो, विकण्यासाठी.

थोडंसं ग्राइंडिंग मात्र मला मनापासून आवडतं. हात चालू राहतो, डोकं शांत होतं. विणकाम करणाऱ्या बायकांना मी हे सांगितलं की त्यांना लगेच कळतं.

शत्रू समोर उभा आणि आपण मेनू वाचत बसायचं! पाळीपाळीनं लढण्यात थरार कसा असेल?

बुद्धिबळात असतो तसाच. चौघांच्या पार्टीत, म्हणजे बरोबर लढणाऱ्या साथीदारांत, औषध देणारीचा जीव बारा गुणांवर आलाय, जादूगाराची जादूची ताकद एकाच मंत्रापुरती उरली आहे, आणि पुढची पाळी बॉसची, म्हणजे मुख्य तगड्या शत्रूची आहे. आता तिला वाचवायचं की शेवटचा घाव घालायचा? अशा पाळीवर मी पाच-पाच मिनिटं विचार करत बसलेली आहे, आणि खेळ तोवर माझी वाट बघत थांबतो.

पाळीपाळीच्या लढाईतही किती तऱ्हा आहेत! १९९१ च्या 'फायनल फँटसी ४'मध्ये हिरोयुकी इतो यांनी प्रत्येकाच्या पाळीला घड्याळ लावलं. तुम्ही रेंगाळलात तर शत्रू थांबत नाही. १९९४ च्या 'मदर २'मध्ये जीव मोजणारा आकडा गाडीच्या मीटरसारखा फिरतो. प्राणघातक घाव बसला तरी आकडा शून्यावर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात औषध दिलंत किंवा लढाई जिंकलीत तर ते पात्र वाचतं. एका साध्या फिरत्या आकड्यातून काळजाचा ठोका चुकवणारी लढाई उभी केली आहे. अलीकडे, २०२५ मध्ये, 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' या फ्रेंच खेळात शत्रूच्या पाळीतही तुम्हाला घाव चुकवता किंवा उलटवता येतो. हा प्रकार जुनाट झाला म्हणणाऱ्यांना मी हाच खेळ हातात देते.

आणखी एक. माझ्या आईला कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकाच वेळी हलवणं कधी जमलं नाही. एका सुट्टीत तिनं माझ्या शेजारी बसून 'ड्रॅगन क्वेस्ट ११' सुरू केला. लढाईत घाई नाही हे कळल्यावर तिची भीती गेली. प्रत्येक पाळीला ती चष्मा सारखा करून शत्रूचं नाव मोठ्यानं वाचायची, मग म्हणायची, "थांब गं, आधी त्या धाकट्याला औषध देऊ दे." सात महिन्यांत तिनं खेळ पूर्ण केला.

जपानी आरपीजी आणि पाश्चात्त्य आरपीजी यांत फरक काय?

ढोबळमानानं, जपानी खेळ तुम्हाला एक घडलेलं माणूस देतो आणि त्याची गोष्ट तुमच्यापुढे उलगडतो. पाश्चात्त्य खेळ म्हणतो, माणूस तूच घडव. अपवाद दोन्हीकडे भरपूर आहेत. 'डार्क सोल्स' जपानी आहे आणि तिथे पात्र तुम्हीच घडवता. 'विचर ३' पोलंडचा आहे आणि त्यात नायक ठरलेला. मला दोन्ही हवे असतात. मन थकलेलं असेल तेव्हा जपानी, हुरूप असेल तेव्हा पाश्चात्त्य.

तुमची सर्वांत जुनी, सर्वांत प्रिय आठवण कुठली?

२६० अक्षरांची.

'गोल्डन सन' हा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ, २००१ चा. त्याचा दुसरा भाग २००२ मध्ये आला. पहिल्या भागातली तुमची पार्टी दुसऱ्या भागात नेता यायची, एकतर दोन यंत्रं केबलनं जोडून किंवा पासवर्ड लिहून घेऊन. पासवर्ड तीन प्रकारचे. लहानात थोडंच सामान पलीकडे जायचं. शेवटच्या वस्तूपर्यंत सगळं न्यायचं असेल तर २६० अक्षरांचा मोठा पासवर्ड. आमच्याकडे यंत्र एकच होतं, त्यामुळे केबलचा प्रश्नच नव्हता.

दादा पडद्यावरून वाचायचा आणि मी वहीत उतरवायचे. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, खुणा, सगळ्याची सरमिसळ. "मोठा के, छोटा एम, सात, उद्गारचिन्ह." दर पाच अक्षरांनंतर मी एक रेघ मारत होते. अख्खी संध्याकाळ गेली. मग दुसरा खेळ घातला, दादानं वाचायला वही घेतली, मी टाइप केलं, आणि पासवर्ड चुकीचा निघाला. पहिला खेळ परत घातला, पुन्हा ताडून बघितलं. माझ्या घाईच्या अक्षरात एका ठिकाणी मोठा एस आणि पाच सारखेच झाले होते. दादानं ते अक्षर लाल पेनानं गोल केलं, खाली स्वच्छ 'पाच' लिहिलं. तिसऱ्या खेपेला पासवर्ड लागला.

दुसऱ्या भागात नायक वेगळाच असतो, त्याची पार्टी वेगळी. जुनी मंडळी लवकर भेटत नाहीत. खेळ निम्म्याहून बराच पुढे गेल्यावर एके ठिकाणी दोन्ही पार्ट्या समोरासमोर येतात आणि चाराचे आठ होतात. त्या जुन्या चौघांच्या अंगावर आम्ही घातलेली शस्त्रं होती, लेव्हल आम्ही चढवलेली होती. दादानं काही न बोलता मेनू उघडला आणि एकेकाचं सामान तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे, लाल गोलासकट.

पडद्यावरच्या पात्रांसाठी खरंच रडू येतं का?

येतं. उदाहरण १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'चं देते. ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी हे उत्तर वाचू नये.

एअरिथ तुमच्या पार्टीत असते. तीन डिस्कांपैकी पहिली संपत येताना ती मारली जाते, आणि कुठल्याच मंत्रानं परत येत नाही. मृत्यू कथा-कादंबऱ्यांतही असतो, पण इथे तिला तुम्ही स्वतः वाढवलेलं असतं. तिच्यासाठी दुकानातून नवी काठी घेतलेली असते, तिला लेव्हल मिळावी म्हणून दमलेली असतानाही लढाईत ठेवलेलं असतं. ती गेल्यावर लगेच एक लढाई होते, आणि त्या लढाईत नेहमीचं युद्धसंगीत वाजत नाही. तिचीच धून चालू राहते. मग कधीतरी तुम्ही सामानाची यादी उघडता. तिच्याकडचे जादूचे मणी तुमच्याकडे परत आलेले असतात. तिच्या काठ्याही यादीत असतात, पण त्या धरू शकेल असं पार्टीत कोणीच नसतं.

दुःख सामानाच्या यादीतून सांगायची ही ताकद मला दुसऱ्या कुठल्या कलेत सापडलेली नाही.

कथाच हवी तर पुस्तक का वाचत नाही?

वाचते की. पण पुस्तकातल्या गावात मला पाठमोऱ्या उभ्या असलेल्या म्हातारीशी जाऊन बोलता येत नाही. 'सुइकोडेन' मालिकेत एकशे आठ साथीदार गोळा करायचे असतात. सुरुवातीला तुमचा किल्ला ओसाड असतो. एकेक माणूस येतो तसा किल्ला वसत जातो: लोहार आला की भट्टी पेटते, कोणी दुकान मांडतं, कोणी स्वयंपाकघर सांभाळतं. रात्री सेव्ह करण्याआधी मी त्या किल्ल्यातून एक फेरी मारायची, कोण कुठे राहायला लागलंय ते बघायला. वाचक म्हणून मी त्या किल्ल्याची पाहुणी झाले असते. खेळाडू म्हणून तो किल्ला मी वसवला.

आपल्या निवडींनी खरंच काही बदलतं का, की सगळं आधीच ठरलेलं असतं?

बऱ्याचदा ठरलेलंच असतं. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधली राजकन्या 'नाही' ऐकूनच घेत नाही. तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारते. पण त्याच खेळाच्या शेवटी शत्रू तुम्हाला अर्धं जग देऊ करतो, आणि तुम्ही मोहात पडून होकार दिलात तर खेळ तिथेच संपतो.

माझ्या मते या बाबतीतला मैलाचा दगड म्हणजे १९८५ चा 'अल्टिमा ४'. त्यात हरवायला कोणी महाखलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हेच ध्येय. जादूची वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. किती सोनं ठेवलंत ते तिला दिसत नाही. आकडा तुम्ही टाकायचा. कमी टाकलंत तर ती काहीच म्हणत नाही, वनस्पती देऊन टाकते. खेळ मात्र नोंद ठेवतो, आणि पुढे तुमचा प्रामाणिकपणा कमी भरतो. एका आंधळ्या बाईपुढे आकडा टाइप करताना माझा हात थबकला होता. नीतीची इतकी साधी आणि इतकी सच्ची परीक्षा मी नंतरच्या, शंभरपट मोठ्या खेळांतही क्वचित बघितली.

२०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये एकालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो, आणि जुना सेव्ह उघडून आपली चूक झाकायचा प्रयत्न केलात तर तेही त्या खेळाच्या लक्षात राहतं. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये तुमची चोवीस कौशल्यं तुमच्या डोक्यात आपापसात वाद घालतात, आणि एखादा प्रयत्न फसला तर त्या फसण्यातूनच नवी वाट फुटते. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये वीस बाजूंचा फासा तुमच्या डोळ्यांसमोर गडगडतो. एक पडला तर प्रयत्न फसलाच, पात्र कितीही हुशार असो. अशा वेळी सेव्ह उघडून पुन्हा फासा टाकायचा मोह होतो. माझा सल्ला: पहिल्या खेपेला टाकू नका. पडला तो फासा खरा माना.

संगीताबद्दल तुम्ही सारखं का बोलता?

कारण साठ-सत्तर तास तेच सूर कानावर असतात. फॅमिकॉममध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांच्या वाटा पाचच, त्यांतल्या सूर धरता येतील अशा खऱ्या तीन. त्या तिघांत नोबुओ उएमात्सुंनी 'फायनल फँटसी'चं संगीत बसवलं. पुढे १९९४ च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये त्यांनी चक्क ऑपेरा लिहिला. फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉमकडे तेव्हा आठ वाटा होत्या आणि आवाजासाठी ६४ किलोबाइट जागा. त्यात माणसाचं गाणं मावणार कुठून? म्हणून शब्द पडद्यावर येतात आणि यंत्र एक थरथरता स्वर लावतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑपेरातली गायिका खरंच गातेय असंच वाटलं.

नकाशावर बाण नसेल तर रस्ता सापडतो?

सापडतो, आणि सापडल्यावर तो तुमचा होतो. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये कोणी काम सांगितलं की तोंडी पत्ता मिळतो: पुलावरून जा, फाटा आला की डावीकडे वळ, खडकाच्या मागे दार आहे. ते तुमच्या रोजनिशीत नोंदलं जातं, बाकी तुमचं तुम्ही बघायचं. मी दोनदा चुकले, रात्र झाली, भलत्याच गुहेत शिरले. त्या बेटावरचे रस्ते मला आजही तोंडपाठ आहेत. बाणामागे धावत पूर्ण केलेल्या नव्या खेळांतलं एकही शहर असं आठवत नाही.

भारी औषधं शेवटपर्यंत जपून ठेवायची की वापरायची?

वापरा. ती त्यासाठीच दिलेली असतात.

अडल्यावर गाइड बघावं का?

दोन संध्याकाळी प्रयत्न करा, मग खुशाल बघा. माझा एकच आग्रह आहे: खेळ सुरू करण्याआधी 'सर्वोत्तम पात्र कसं घडवावं' हे वाचू नका. चुकीचं पात्र घडवण्यातच पहिल्या खेळीची मजा आहे. मी एकदा तलवारबाजाला सगळं बोलण्याचं कौशल्य दिलं. लढाईत तो कायम मार खायचा, पण निम्म्या लढाया त्यानं बोलूनच टाळल्या.

नोकरी, घर सांभाळून शंभर तासांचा खेळ होतो का?

शंभर तास एकदम नाहीत. रोज अर्धा-पाऊण तास, म्हणजे साडेचार ते सात महिने. मालिका बघणाऱ्या माणसाचा एवढा वेळ सहज जातो. हातात धरायच्या यंत्रांमुळे तर खेळ जिथल्या तिथे झोपवता येतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठवता येतो. खूप दिवसांचा खंड पडला की कथा विसरते, म्हणून मी अजूनही वही ठेवते. सेव्ह करताना एक ओळ लिहायची: कुठे आहे, कोणाला भेटायचंय, का.

एक धोकाही सांगायला हवा. रोज हजेरी लावायला लावणारे, हजेरी चुकली की बक्षीस बुडवणारे खेळ वेगळे. त्यांना वेळ देऊ नका. चांगला आरपीजी वर्षभर बंद राहिला तरी तुमच्यावर रुसत नाही.

मुलांना हे खेळ द्यावेत का?

वय बघून. खोक्यावर वयाची खूण असते. युरोपातल्या पेगी या पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे टप्पे आहेत. 'विचर ३' आणि 'बाल्डर्स गेट ३' दोन्ही १८ चे आहेत आणि ते योग्यच आहे. लहान मुलांसाठी 'पोकेमॉन'सारखा दुसरा खेळ नाही. १९९६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तो मुलांना वाचायला, बेरीज-वजाबाकी करायला आणि मित्राशी अदलाबदल करायला लावतो आहे. शक्यतो पहिले काही दिवस शेजारी बसा. मुलं संवाद मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि तुम्ही ऐकत असलात तर जास्त चांगलं वाचतात.

संपवलेला खेळ पुन्हा का खेळता?

१९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'नं याचं उत्तर खेळातच दिलं. एकदा संपवलात की कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्या सकाळपासून सुरू करता येतं, आणि शेवटच्या शत्रूला कधी गाठता त्यावर शेवट बदलतो. पण मी पुन्हा खेळते त्याचं कारण अगदी साधं आहे. पहिल्या खेपेला मी पुढे काय होणार या ओढीनं धावत असते. दुसऱ्या खेपेला ज्या माणसांचं पुढे काय होणार आहे ते मला ठाऊक असतं, त्यांच्याजवळ मी जास्त वेळ थांबते.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

कथा हवी असेल तर 'क्रोनो ट्रिगर'. तो वीस-पंचवीस तासांत होतो आणि त्यातलं एक मिनिटही फुकट जात नाही. निवांत, मोठा, आईलाही जमेल असा हवा तर 'ड्रॅगन क्वेस्ट ११'. वाचायची आवड असेल आणि लढाई नको असेल तर 'डिस्को एलिझियम'. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर 'बाल्डर्स गेट ३', पण तो पहिलाच म्हणून घेतलात तर नियम शिकायला चार-पाच संध्याकाळी राखून ठेवा. 'डार्क सोल्स' थोडा नंतरसाठी ठेवा.

सोपी पातळी निवडायला अजिबात लाजू नका. नायकाला आवडत्या माणसाचं नाव द्या. आणि पहिल्या गावात घाई करू नका. प्रत्येकाशी दोनदा बोला. पुष्कळ खेळांत दुसऱ्यांदा बोललात की माणूस वेगळं काही सांगतो.